आवडलं नाही, हे सांगायची जागा

‘ययाति’ मला आवडली नाही. अलीकडे ती पुन्हा वाचली, सावकाश आणि ठरवून, तरी मत बदललं नाही.

सोलापुरात सात रस्ता चौकात चहा पिता पिता हे वाक्य बोलता येतं. ग्रंथालयात पुस्तक परत करताना काउंटरवर बोलता येतं. व्यासपीठावरून बोलणं किंवा छापील कागदावर लिहिणं मात्र अवघड जातं. ‘ययाति’ लिहिणारे वि. स. खांडेकर हे ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक. १९४१ साली साहित्य संमेलन सोलापुरात भरलं तेव्हा अध्यक्षही तेच होते, त्यामुळे इथल्या जुन्या वाचकांना त्यांच्याविषयी जरा जास्तच जिव्हाळा आहे. त्या जिव्हाळ्याचा मान ठेवून माझं म्हणणं मांडतो.

ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांनी आपापली बाजू स्वतःच्या तोंडाने सांगायची, ही रचना १९५९ साली धाडसाची होती. पण एखादं पान कुणाचं आहे हे न सांगता वाचून दाखवलं, तर कोण बोलतंय ते ओळखता येत नाही. विलासात बुडालेला राजा खांडेकरांच्या भाषेत बोलतो, शुक्राचार्यांची मानी मुलगीही त्याच भाषेत बोलते, आणि दासी झालेली राजकन्या रडते तीसुद्धा त्यांच्याच उपमांमधून. जिकडेतिकडे सुभाषितं पेरलेली. शर्मिष्ठेचं दुःख माझ्यापर्यंत पोहोचण्याआधी त्या दुःखावरचं भाष्य पोहोचतं, आणि मग दुःखाला आत शिरायला वाट उरत नाही. भोगाला अंत नसतो हा विचार मोठा आहे, तो मला मान्यही आहे. पण कादंबरीने तो घडवून दाखवावा, मला समजावून सांगू नये, एवढीच माझी अपेक्षा होती.

ज्यांच्या तरुणपणावर या कादंबरीने ठसा उमटवला अशी माणसं माझ्या जवळची आहेत. त्यांनी मला खोडून काढावं, पान उघडून दाखवावं, ‘हे बघा, इथे देवयानी वेगळी बोलते’ म्हणून सिद्ध करावं. मला हवं आहे ते हेच. असं भांडण होण्याची जागाच आपण बंद करून टाकली आहे, आणि त्याची किंमत लेखकापेक्षा वाचक जास्त मोजतो, हे मला सांगायचं आहे.

आपल्याकडे पुस्तक बाहेर पडतं ते सत्कारातून. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल, श्रीफळ, हल्ली पुष्पगुच्छाऐवजी रोपटं. प्रमुख पाहुणे सुरुवातीलाच सांगून टाकतात की वेळेअभावी पुस्तक चाळता आलं. समारंभाला माझा विरोध नाही. माणसाने वर्षानुवर्षं रात्री जागून काही लिहिलं, त्याच्या घरच्यांनी, मित्रांनी, सहकाऱ्यांनी येऊन टाळ्या वाजवल्या, तर त्यात वावगं काय? अडचण दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. समारंभातलं भाषण परीक्षण म्हणून छापलं जातं. ज्यांनी प्रस्तावना लिहिली त्यांचीच दोन वाक्यं मलपृष्ठावर येतात, तीच पुढे पुरस्काराच्या शिफारशीत जातात. परीक्षण लेखकानेच लिहून द्यायचं आणि छापायचं दुसऱ्याच्या नावाने, यातही आता कुणाला काही गैर वाटत नाही. नवं पुस्तक घ्यावं की नाही हे ठरवायला बसलेल्या वाचकापुढे कौतुकाचे चार कागद असतात, आणि चारही एकाच घरातून आलेले.

‘लहान शहर आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, उद्या तोंड दाखवायचं असतं,’ असं यावर म्हटलं जातं. मला हे कारण खोटं वाटत नाही. लेखक माझ्या मुलाचा शिक्षक असेल, माझ्या बहिणीच्या सोसायटीचा सचिव असेल. पण याच शहरात नगरसेवकाला भर चौकात पाण्यावरून जाब विचारणारी माणसं आहेत. चादरीचं पोत हाताने चाचपून ‘हे सूत बरोबर नाही’ असं दुकानदाराच्या तोंडावर सांगणारी गिऱ्हाइकं आहेत, आणि दुकानदार त्यावर रागावत नाही. तो दुसरी चादर उलगडतो. ओळखीपाळखीमुळे खरं बोलता येत नसतं तर या शहरात काहीच खरं बोललं गेलं नसतं. पुस्तकांच्या बाबतीत आपण गप्प राहतो, कारण पुस्तकावाचून आपलं काही अडत नाही असं आपण मनोमन ठरवून टाकलं आहे. हे गप्प राहणं सौजन्यातून आलेलं नाही, ते बेफिकिरीतून आलेलं आहे.

पैशाची बाजूही पाहिली पाहिजे. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रातली सार्वजनिक ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोजली जातात आणि त्या वर्गानुसार त्यांना सरकारी अनुदान मिळतं. अनुदान म्हणजे तुमचा-माझा पैसा. आधीच तो तुटपुंजा, कर्मचाऱ्यांचे पगार त्यातून धड भागत नाहीत. पण पुस्तकांसाठी जो वाटा राहतो तो कशावर खर्च होतो हे एकदा डोळ्यांखालून घालावं. मार्च उजाडला की खरेदीची घाई. छापील किंमत भरमसाट, त्यावर सवलतही तशीच घसघशीत, अशी पुस्तकं गठ्ठ्याने येतात. लेखकाने पदरचे पैसे देऊन छापून घेतलेला कवितासंग्रह ओळखीवर घेतला जातो. कपाटात गेला की तो कुणाच्या हाती लागत नाही, आणि त्याच कपाटात ज्या पुस्तकासाठी वाचक महिनोन्महिने नंबर लावून बसतात त्याची दुसरी प्रत घ्यायला पैसे नसतात. अशा वेळी एखाद्या सभासदाने ‘हा संग्रह मी वाचला, तो घेण्यासारखा नव्हता, आणि का ते सांगतो’ असं सही करून लिहिलं, तर तो लेखकावरचा हल्ला ठरत नाही. ग्रंथालयाच्या हिशेबाइतकीच ती सार्वजनिक कामाची गोष्ट आहे.

आता मला आवडलेल्या पुस्तकाकडे येतो, कारण परखडपणाची खरी परीक्षा तिथे होते.

देविदास सौदागर यांची ‘उसवण’ २०२४ च्या साहित्य अकादमी युवा पुरस्काराने सगळीकडे पोहोचली. लेखक तुळजापूरचे, म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरचे. तयार कपड्यांच्या लाटेत एका शिंप्याचं काम कसं कमी होत जातं, घर कसं उसवत जातं, याची ती छोटी कादंबरी आहे. मी ती एका बैठकीत वाचली. तिच्यात आरडाओरडा नाही, कुणी खलनायक नाही, आणि म्हणूनच ती लागते. गिऱ्हाईक येईनासं होणं, फक्त उसवलेलं-फाटलेलं दुरुस्त करायला येणारे उरणं, मुलांच्या खर्चाच्या वेळी हात आखडणं, हे सगळं ती साध्या आवाजात सांगते.

पुरस्कार जाहीर झाल्यावर मात्र बोलणं झालं ते बहुतेक लेखकाच्या आयुष्याबद्दल. शिवणयंत्र, गरिबी, कष्ट. भेटेल तो मला हेच सांगत होता आणि कादंबरी वाचली का विचारलं तर विषय बदलत होता. एखाद्याच्या कष्टांना नमस्कार करणं निराळं आणि त्याचं पुस्तक वाचणं निराळं. कष्टांकडे बोट दाखवून पुस्तकाविषयी गप्प राहिलं, तर लेखक म्हणून त्याला आपण अजून आत घेतलेलं नाही असाच त्याचा अर्थ होतो. म्हणून ‘उसवण’बद्दल माझी तक्रारही लिहितो. कादंबरी मला अपुरी वाटली. शिंप्याचं दुकान तिने नीट दाखवलं, पण ज्या बाजाराने ते दुकान गिळलं तो बाजार लांबच राहिला.

ही तक्रार मला सोलापुरात बसून वाचताना सुचली. सोलापूर आता शाळेच्या गणवेशांचं गाव म्हणून ओळखलं जातं. इथे शिवलेले गणवेश राज्याबाहेरही जातात. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग डळमळले, आणि त्या सगळ्यातून गेलेल्या घरांमधल्या कितीतरी बाया आज नगावर मजुरी घेऊन शिलाई करतात. गावोगावच्या शिंप्याकडून शाळेचे गणवेश हिरावून घेणारा तयार कपडा ज्या हातांनी शिवला, ते हात इथे आमच्या पूर्व भागात आहेत, आणि त्यांनाही त्यातून फारसं काही मिळत नाही. ‘उसवण’ मिटल्यावर मला या दुसऱ्या बाजूची कादंबरी हवीशी झाली. ती अजून कुणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. नुसतं ‘वा!’ म्हणून पुस्तक बाजूला ठेवलं असतं तर ही भूक कळलीच नसती. पुस्तकात काय नाही हे बोलून दाखवल्याशिवाय पुढच्या लेखकाला कसं कळणार की वाचक कशाची वाट बघतो आहे?

पहिल्या पिढीच्या लेखकांना परखड मतं सोसणार नाहीत, ज्यांना शतकानुशतकं लिहूच दिलं नाही त्यांच्या लेखनाला तुमच्या फूटपट्ट्या लावू नका, असा एक आक्षेप आहे. हा आक्षेप मी फार गांभीर्याने घेतो, कारण मराठीत परखडपणाच्या नावाखाली जे झालं आहे ते विसरण्यासारखं नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली आणि मराठी गद्याला तिने धार दिली हे खरंच. पण त्याच मालेत जोतीराव फुल्यांच्या लेखनावर लिहिताना शास्त्रीबुवांनी त्यांचं व्याकरण काढलं, भाषेची टिंगल केली. फुले काय म्हणत होते त्याला उत्तर दिलं नाही. लिहिणाऱ्याची जात आणि शिक्षण पुढे ओढून पुस्तक मागे ढकलायचं, हा तो प्रकार होता. त्याला परखड मत म्हणायला मी तयार नाही. परखड मताला आधी पुस्तकापर्यंत पोहोचावं लागतं.

आणि त्याच काळातलं दुसरं उदाहरण फुल्यांचंच आहे. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती, त्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना बोलावलं होतं. फुल्यांनी नकाराचं पत्र पाठवलं. जे लोक माणसांचे हक्क खुल्या दिलाने देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांनी केलेल्या पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय होता. ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आलं. रानड्यांची विद्वत्ता, त्यांचं वजन, पुण्यासारख्या शहरातला रोजचा संबंध, यांपैकी कशाचीही भीड फुल्यांनी धरली नाही, आणि रानड्यांच्या व्याकरणाबद्दल एक अक्षर काढलं नाही. पुस्तकांतून कोण गाळलं गेलं आहे एवढंच विचारलं. मराठी वाचकाने जाहीरपणे दिलेल्या मतांमध्ये हे मत मला सगळ्यांत मोठं वाटतं. खालच्या मानल्या गेलेल्या माणसाने वरच्यांच्या पुस्तकांना सुनावलेले बोल आहेत ते. तेव्हा परखडपणा म्हणजे वरच्यांचं हत्यार आणि गप्प बसणं म्हणजे दुबळ्यांवरची दया, ही मांडणी आपल्याच इतिहासाला धरून नाही.

याच नजरेने शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ मी परत वाचलं. १९८४ चं आत्मकथन. लेखकाचं हन्नूर गाव आमच्या जिल्ह्यातलं, अक्कलकोट तालुक्यातलं. सोलापुरात या पुस्तकाचा विषय निघाला की ‘आपल्या मातीतले लेखक’ असं म्हणून लोक अभिमानाने मान हलवतात, आणि त्या मानेमागे पुस्तकातला प्रश्न लपून जातो. त्या मातीनेच त्या मुलाला बाप नाकारला होता, गाव नाकारलं होतं, पोटभर जेवण नाकारलं होतं. शाळेच्या सहलीतलं उरलंसुरलं अन्न महार पोरांच्या पदरात पडतं तो सुरुवातीचा प्रसंग चाळीस वर्षांनंतरही सहज वाचून पुढे जाता येत नाही. संतामाय आणि दादा यांचं नातं, एक महार बाई आणि एक मुसलमान हमाल यांनी कुणालाही न विचारता एकमेकांना धरून जगणं आणि त्या पोराला पोसणं, हे मराठीतल्या मला माहीत असलेल्या सर्वांत सुंदर कुटुंबांपैकी एक आहे. ‘सुंदर’ हा शब्द मी विचार करून वापरतो आहे.

माझं वेगळं मत मसामाईबद्दल, म्हणजे त्या मुलाच्या आईबद्दल आहे. आईने आपल्याला जन्म का दिला, हा मुलाचा प्रश्न पुस्तकभर धगधगतो. तो प्रश्न विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण वाचता वाचता मला आईचं म्हणणं ऐकायचं होतं आणि ते मुलाच्या रागातून गाळूनच मिळत राहिलं. पाटलाच्या वाड्याने तिचं काय केलं हे मला कळतं. तिला स्वतःला काय वाटत होतं ते पुरेसं कळत नाही. दलित आत्मकथनांमध्ये बायांची कथनं आली, बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आलं, ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ आलं, तेव्हा ही पोकळी किती मोठी होती ते उमगलं. हे लिहिल्याने ‘अक्करमाशी’ लहान होत नाही. नुसत्या पूजेत ठेवलेल्या पुस्तकाला मात्र कुणी प्रश्न विचारत नाही, आणि मग हळूहळू ते कुणी वाचतही नाही.

पूजेचं म्हणाल तर आमच्या शहरात त्याचं सगळ्यांत दुखरं उदाहरण डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं आहे. १९१० साली सोलापुरात जन्म, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला प्रयाण, १९४२ च्या डिसेंबरात तिथेच मृत्यू. वय अवघं ३२. शाळेत बक्षीस म्हणून वाटल्या जाणाऱ्या त्यांच्यावरच्या पुस्तिका मी मुद्दाम मिळवून वाचल्या. सगळ्यांत त्याग आहे, सेवा आहे, भारत-चीन मैत्री आहे. ते चिनी भाषा शिकले, तिथल्या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं, हेही कुठे कुठे येतं. पण मरणाच्या काही महिने आधी ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले, ही गोष्ट माझ्या हाती आलेल्या एकाही पुस्तिकेत नव्हती. सोलापूरच्या मध्यमवर्गीय घरातला एक डॉक्टर तिथवर का गेला, युद्धाच्या धामधुमीत त्याने काय पाहिलं, त्याला काय पटलं, हे सोडून चरित्र लिहिता येतं? मुलांना समजणार नाही म्हणून गाळलं असं कुणी म्हणेल. मला वाटतं, मोठ्यांना अडचणीचं होतं म्हणून गाळलं. या पुस्तिका फार वाईट आहेत. त्या ज्या माणसाबद्दल आहेत त्याच्या वाट्याला याहून चांगलं पुस्तक यायला हवं, म्हणूनच हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

ऐतिहासिक कादंबऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. वर्षातून दोन-तीन वाचतो, आणि तलवारीच्या वर्णनांपलीकडे शेतसारा, दुष्काळ, सावकार, वाटेवरची गावं यांचा पत्ता लागत नाही म्हणून मिटतो. अनुवादित यशोमंत्रांची पुस्तकंही तशीच. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेल्या पोरांच्या हाती ती सर्रास दिसतात, आणि जागा निघत नाहीत हा दोष ती पुस्तकं पोरांच्या मनाच्या कमकुवतपणावर टाकतात. यावर कुणीतरी स्वतंत्र आणि रागाने लिहायला हवं.

थोडं विस्ताराने लिहायचं आहे ते कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’बद्दल. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला. धरणात गाव गेलं, माणसं दुसरीकडे नेऊन बसवली, जनावरं मागे राहिली. त्या मागे राहिलेल्या, रानटी झालेल्या म्हशीच्या शोधात एक माणूस परत त्या रानात जातो. माझ्या ओळखीच्या दोघा-तिघांनी पहिल्या काही पानांतच पुस्तक खाली ठेवलं. भाषा झेपत नाही, तेच तेच परत येतं, असं त्यांचं म्हणणं. मलाही पहिली पानं जड गेली. ही बोली कोल्हापूरच्या बाजूची. आमच्या कानाला वेगळे हेल आहेत, इथल्या मराठीत कानडी आणि तेलुगूचं पाणी मुरलेलं आहे. पण नेट लावला आणि मग कळलं, ती पुनरावृत्ती म्हणजे माणसाचं त्याच त्याच जागेभोवती फिरणं आहे. जे गेलं ते परत परत चाचपून पाहणं आहे. मला ही कादंबरी अलीकडच्या वाचनातली सर्वांत मोठी वाटली.

विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’शी ती ताडून पाहण्याजोगी आहे. ‘झाडाझडती’ने पुनर्वसनाचा सरकारी कारभार आतून उघडा केला, ते काम मोलाचं होतं. मात्र तिथे मला लेखक सतत पुढे उभा राहून संताप करायला सांगताना दिसतो. प्रसंग रंगवून रंगवून मोठे केले जातात. ‘रिंगाण’ कुणावर रागवायचं ते सांगत नाही, आणि वाचून झाल्यावर माझा राग उजनीकडे वळला. हे धरण १९८० साली पूर्ण झालं. करमाळा, इंदापूर भागातली गावं त्याच्या पोटात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, माणसं होडीने ते बघायला जातात, फोटो काढतात. त्या देवळाभोवती घरं होती, गोठे होते, हे ‘रिंगाण’ वाचल्यावर मला पहिल्यांदा दिसलं. इतकी गावं बुडवून साठवलेल्या पाण्यावर ज्या शहराचा हक्क सांगितला जातो, त्या आमच्या शहरात आजही नळाला रोज पाणी येत नाही. ‘अवघड आहे’ म्हणून खाली ठेवलेल्या पुस्तकात आपलाच जिल्हा बसलेला असू शकतो, आणि हे जाहीर बोललं गेलं असतं तर त्या दोघा-तिघांनी आणखी वीस पानं रेटली असती. परखड मताचा हा उपयोग कुणी मोजत नाही. वाईट पुस्तकाला नाव ठेवणाऱ्यानेच ‘हे अवघड आहे, पण सोडू नका’ म्हटलं, तर लोक त्याचं ऐकतात. सगळ्याच पुस्तकांना चांगलं म्हणणाऱ्याच्या तोंडून ते ऐकून कुणीही वीस पानं रेटणार नाही.

आणखी एक गोष्ट सोलापूरपुरती. या शहरात मराठी वाचणाऱ्या कितीतरी जणांच्या घरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलली जाते. लक्ष्मीनारायण बोल्ली यांच्यासारखा तेलुगू घरातला माणूस इथे मराठीत लेखक म्हणून उभा राहिला. या वाचकांना मराठी पुस्तकांबद्दल काय वाटतं हे कधी कुणी विचारत नाही, त्यांना फक्त पाहुणे म्हणून बोलावलं जातं. पद्मशाली घरातली, आई विड्या वळते अशी एक मुलगी मला म्हणाली, ‘काका, मराठी कादंबरीत आमच्यासारखं कुणी भेटतच नाही. भेटलं तर ते चादर विकत असतं.’ मराठी साहित्यावरचं इतकं अचूक मत मी कुठल्याही परीक्षणात वाचलेलं नाही. ते कुठेच नोंदलं गेलं नाही.

ते नोंदलं जावं यासाठी फार काही करावं लागत नाही. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर वाचकांच्या मतांची एक जाड वही असावी. पुस्तकाचं नाव, पान कुठलं, काय पटलं, काय नाही, आणि खाली सभासद क्रमांकासह सही. सही मी आग्रहाने मागतो, कारण निनावी मतांच्या गर्दीत पुस्तकाऐवजी माणसावर चिखल उडतो, आणि चिपळूणकरांची वाईट सवय तिथे लगेच परत येते. लेखकाच्या जातीवर, शिक्षणावर, घरावर लिहिलेलं मत ग्रंथपालाने खोडावं. पुस्तकावरचं कितीही कडू मत खोडू नये. पुस्तक निवड समितीने खरेदीआधी ही वही वाचावी आणि कुठली मतं मानली नाहीत, का नाही, ते तिथेच लिहावं.

आमच्या भागातल्या एका ग्रंथालयात मी हे सुचवलं तेव्हा हरकत आली ती अशी: उद्या स्थानिक लेखक येऊन भांडतील, त्यांना काय उत्तर द्यायचं? माझं म्हणणं, त्यांना वही आणि पेन द्यावं. वाचकाच्या मताखाली लेखकाचं उत्तर, त्याच पानावर, तशाच सहीने. मला मसामाईबद्दल जे वाटलं ते साफ चुकीचं आहे असं एखाद्या वाचकाने तिथे दाखवून दिलं तर मी ते पुस्तक चौथ्यांदा घरी नेईन. समितीने विचार करून कळवतो म्हटलं आहे. वहीचा खर्च मी देतो, असंही मी लेखी दिलं आहे.